ताईचा निगेटिव्ह रिपोर्ट

माझी थोरली बहीण चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. सख्खी बहीण मी, पण तिला सिस्टर म्हणायचा मान साऱ्या गावाचा. मी आपली ताईच म्हणते. रक्त बघून डॉक्टर गडबडले तरी ही गडबडायची नाही. आणि शिस्तीचं म्हणाल तर विचारूच नका. एकदा एका नव्या नर्सनं थर्मामीटर न लावताच तक्त्यावर ताप लिहून टाकला. ताईनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "चुकून लिहिलंस तर मी शिकवेन. खोटं लिहिलंस तर घरी जा." आणि खरंच घरी पाठवली. ती बिचारी चार दिवस माझ्या दुकानात येऊन रडत होती, मी मध्ये पडावं म्हणून. मी पडले. ताईनं मलाही हाकललं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, हॉस्पिटलच्या फाटकासमोर. दोन मशीन, एक प्रिंटर, एक डुगडुगता स्टूल. ड्यूटी संपली की ताई त्या स्टुलावर येऊन बसायची आणि पाय चोळायची. घाबरलेली मात्र मी तिला कधी पाहिली नव्हती, तिच्या लेकीचं पहिलं बाळ जाईपर्यंत.

ही एकुलती लेक परदेशात असते. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात ती फोनवर म्हणायला लागली, पाय सुजलेत, डोकं ठणकतंय. ताई इकडून कानीकपाळी ओरडत होती, आत्ताच्या आत्ता रक्तदाब बघायला लाव. तिकडच्या हॉस्पिटलनं सांगितलं, सोमवारी या. सोमवारपर्यंत बाळ राहिलं नव्हतं. मी तिथे असते तर नुसता तिचा चेहरा बघून मला कळलं असतं, हे एकच वाक्य ताई पुढे वर्षभर बोलत होती. म्हणून लेकीला पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं शब्द दिला की सातव्या महिन्यात मी तुझ्याजवळ असेन. साथ सुरूच होती, पण विमानं पुन्हा उडायला लागली होती.

प्रवासाचे नियम बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण प्रिंटर माझा. पहिला नियम होता, विमान सुटायच्या आधी बहात्तर तासांच्या आत स्वॅब घेतलेला हवा. ठीक आहे. आमच्या लॅबचा रिपोर्ट यायला दीड दिवस, विमानतळ इथून नऊ तासांवर, तरी मी सगळं जुळवून आणलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बॅगा दाराशी ठेवल्या. आणि निघायच्या संध्याकाळी नियम बदलला. बहात्तर नाही, अठ्ठेचाळीस. ताईचा स्वॅब विमान सुटेपर्यंत त्रेपन्न तासांचा होणार होता.

मी चौकशीच्या नंबरावर फोन लावला. एक बाई म्हणाली, तास रिपोर्ट आल्यापासून मोजायचे. दुसरा म्हणाला, स्वॅब घेतल्यापासून. तिसऱ्यानं विमान कंपनीला विचारायला सांगितलं, आणि विमान कंपनीनं वेबसाइट बघायला सांगितली. कपाळ माझं! मी विमान कंपनीच्या माणसाला म्हटलं, अहो, पाच तासांत नासायला तो रिपोर्ट आहे की दूध? त्यानं फोन ठेवला. ताईनं बॅगेतली बाळाची झबली काढून परत कपाटात ठेवली.

दुसऱ्या वेळेस लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं, आठ तासांत रिपोर्ट. मी खुशीत होते. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. ना ताप, ना खोकला. डॉक्टर म्हणाले, आधी होऊन गेलेल्या आजाराचं काहीतरी उरलं असेल, नसेलही. झालं असं होतं की साथीत ताईला निवृत्तीनंतर परत वॉर्डात बोलावलं होतं, आणि तिथे ती दहा दिवस खोकत होती. पण तेव्हा तपासणीचे किट कमी होते. ताईनं स्वतःच्या वाट्याचं किट एका गरोदर बाईला दिलं. बरं झालेल्यांना डॉक्टरांच्या पत्रावर सोडतात असाही एक नियम होता, पण आजारी होतो याचाच कागद नाही तर बरे झालो याचा कुठून आणणार?

ताईनं दहा दिवस स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं. मी दाराबाहेर ताट ठेवायचे. नवव्या दिवशी ती आतून म्हणाली, "पोरीचे पाय पुन्हा सुजलेत. मला भीती वाटते गं." चौतीस वर्षं दुसऱ्यांना धीर दिलेला आवाज तो, आणि दारापलीकडून लहान मुलीसारखा येत होता. मी नुसतं होईल गं सगळं नीट असं म्हटलं, आणि ते मलाच खोटं वाटलं.

तिसऱ्यांदा स्वॅब द्यायला मी तिच्याबरोबर गेले. त्या आठवड्यात त्या देशाला जाणारं एकच विमान उरलं होतं, पुढची रद्द झाली होती. लॅबवाले ताईबरोबर वीस वर्षं काम केलेले. त्यांनी काडी पुढे केली आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच घ्या. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका." नियमात हे बसत नव्हतं, पण तिच्यावर कोण संशय घेणार? ते नळीवर नाव लिहायला वळले. ताईनं भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही नाकपुड्यांतून काडी फिरवली आणि नळीत टाकली. ती वळली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, काडी खोल गेली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी त्याच्या सहा प्रती काढल्या. उतरल्यावर तिकडे परत स्वॅब घ्यायचा नियम होता, तो ताई आकाशात असतानाच रद्द झाला. मी दुकानात एकटीच हसले आणि भिंतीवर चिकटवलेले सगळे नियम टराटरा फाडून टाकले.

ताई पोहोचली आणि दारातच लेकीचा चेहरा बघून तिनं जावयाला गाडी काढायला लावली. रक्तदाब भलताच वाढला होता. त्याच दुपारी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी, जेमतेम दोन किलोची, पण रडली. डॉक्टर म्हणाले, उद्या आला असता तर काही खरं नव्हतं. जावई हे फोनवर सांगताना रडत होते आणि इकडे मीही. तास मोजणाऱ्यांच्या नावानं मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, आई बाळाला हात लावत नाही. दोन मास्क लावून दाराशी उभी राहते. नर्स बाळ द्यायला गेली तर मागे सरली. तिला वाटतंय का, हीसुद्धा जाईल?"

मला असा राग आला की मी तसाच ताईला फोन लावला. म्हटलं, हजारो पोरं पहिल्यांदा तू हातात घेतलीस आणि स्वतःची नात परकी झाली होय? रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना तुझा?

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काडी मी आत घातलीच नव्हती. नुसती नाकाच्या तोंडाशी फिरवली."

गिऱ्हाईक पुढे कागद घेऊन उभं होतं, त्याला मी हातानंच जायला सांगितलं. मग तिकडे तपासून घे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, मी पॉझिटिव्ह निघाले तर लेकीला बाळापासून वेगळं ठेवतील, आणि दोन किलोचा जीव आईच्या दुधावर आहे. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं मनाशी दहा दिवस धरले होते, लेकीला काहीही न सांगता. तेवढे दिवस ती दाराशीच उभी राहणार होती. रोज सकाळी ताप मोजण्यापुरतीच जवळ जाईन आणि तिघींचे आकडे तुला सांगेन, म्हणाली. दुसऱ्या कुणाला ती सांगणार तरी काय?

आता रोज सकाळी दुकान उघडताना तिचा फोन येतो. तीन आकडे सांगते, मी ते जिथून नियम फाडले त्याच भिंतीवर पेन्सिलीनं लिहिते. तिचा स्वतःचा, लेकीचा, बाळाचा. दहातला आज सहावा दिवस. पहिले दोन आकडे तिनं भरभर सांगितले. तिसऱ्याला थांबली, मग म्हणाली, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

"थर्मामीटर लावलंस ना?" मी विचारून गेले, आणि विचारल्या क्षणी जीभ चावली.

ताई चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. हो, लावलं, असं हळू म्हणाली आणि फोन ठेवला. मी अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा लिहिलं, आणि ते खरं असू दे, खरं असू दे म्हणत त्या आकड्याकडे बघत उभी आहे.