कुरणाचा आकडा

माती तपासायच्या प्रयोगशाळेत ताईंना सगळे पाठीमागे ‘चाळणबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्या माती वाळवत, चिमट्याने मुळं वेचत, कुटत, चाळत आणि भट्टीत जाळत आल्या होत्या. जळून वजन किती घटलं, त्यावरून मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, किती मुरलाय ते कळतं. मुळं मात्र आधी काढायचीच. ती मातीत अडकलेली असतात, मुरलेली नसतात. तिथे हयगय झाली की सगळं मुसळ केरात!

आज निकालाचा कागद हातात घेतला आणि त्या आकड्यांवर अडखळल्या. नांगरलेलं शेत दीड टक्का, जंगल चार, कुरण साडेचार. अहो, कुरणाने जंगलालाही मागे टाकलं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुरणाचा निर्णय घेणाऱ्या समितीची अट सरळ होती. कुरणात शेताच्या दुप्पट कर्ब निघाला तर ते राखायचं, नाहीतर नांगर घालायचा. त्याच कुरणावर ताईंच्या धाकट्या भावाची अकरा गुरं चरत होती. “नांगर फिरला की माती उघडी पडते, वर्षानुवर्षं साठलेला कर्ब हवेत जातो. कुरणात तो टिकतो. तू निवांत राहा,” असं ताईंनीच त्याला सांगितलं होतं. बैठक दुपारी होती आणि निवांत राहायचं सोडून तो सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होता.

मग त्यांना आठवलं. कुरणाची माती खलात होती, त्या दिवशी हाच भाऊ समोर बसून रडकुंडीला आला होता. “ताई, गुरं गेली तर मी करू काय?” त्याची समजूत घालता घालता त्यांचा हात चालूच राहिला. मुळं वेचलीच नाहीत. तशीच कुटली गेली, चाळणीतून उतरली आणि कर्ब म्हणून जळाली. बावीस वर्षांत पहिली चूक, तीही घरच्याच कामात!

कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. ताईंनी कागदाची दोनदा घडी घातली, दोनदा उघडली. शेवटी त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

“साहेब, कुरणाचा आकडा चुकलाय. चूक माझी.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “बाई, बैठक तीन तासांवर आलीय!”

“उद्यावर ढकला. पिशवीत न कुटलेली माती आहे. पुन्हा करते.”

दिवसभर त्यांनी भिंगाखाली केसाएवढी मुळं वेचली. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीतली वाटी त्यांनी काट्यावर ठेवली. तीन हवे होते. आले दोन पूर्णांक सात. पुन्हा तोललं. तेवढेच.

आजही बाहेरच्या बाकावर येऊन बसलेल्या भावाला त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. तो ओरडेल म्हणून त्या अंग चोरून उभ्या राहिल्या.

“गप्प बसली असतीस तर जमलं असतं ना?”

“जमलं असतं.”

 तो बाकावरून उठला.

“मग गुरं विकायला तूच चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला. “तुझ्या शब्दावर एकही गिऱ्हाईक शंका घेणार नाही.”