बुटाच्या नाडीत गेलेला सेनापती

आमच्या दादाचा धंदा कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची खुर्ची, मागच्या खोलीत प्लास्टर, मेण, घासायचं यंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे दात. माणसाने एवढ्यावर सुखाने राहावं की नाही? पण दादाला खाज जुन्या, कुत्रंही विचारत नाही अशा रोलप्लेइंग खेळांची. म्हणजे टेबलाभोवती चार माणसं बसतात. एक जण नियमांचं पुस्तक घेऊन खेळ चालवतो, बाकीचे सोंगं घेतात, कोणी चोर, कोणी वैद्य, आणि जगलो की मेलो ते फासे ठरवतात. असले खेळ रद्दीतून हुडकून आणायचे, खेळायचे आणि एका मासिकात त्यांची सालटी काढायची. लिहितो मात्र झकास, खोटं कशाला बोलू?

त्यात त्याचा एक नेम. शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही आणि नियम छापलाय तसाच पाळायचा, मग तो कितीही मूर्ख असो. नेम त्याचा आणि मरण आमचं! माणसं मिळत नाहीत म्हणून मला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, माझ्या नवऱ्याला आणि शेजारच्या वायरमनला धरून बसवतो. एका खेळात पात्र तयार करण्यातच अख्खी दुपार गेली आणि फाशांनी ठरवलं की माझं पात्र लहानपणीच गोवराने गेलं.

"छापलंय तसं," दादा म्हणाला.

"मग आता खेळू कोण? फळीवरची कवळी?" मी म्हटलं. तर हा बाबा हसत ते वाक्यसुद्धा टिपून घेतो!

मागे त्याने 'परतीची वाट' नावाचा खेळ आणला. हरलेल्या सैन्यातली तीन माणसं बर्फाच्या खिंडीतून घरी निघालीयत, एवढीच गोष्ट. कोण्या एका माणसाने स्वतःच्या पैशाने छापलेला. परीक्षणात दादाने लिहिलं, "या खेळात बूट घालायलाही फासे टाकावे लागतात. आमचे सेनापती शत्रूच्या तोफांतून वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाच्या नाडीत अडकून वारले." सेनापती म्हणजे माझा नवरा. मेल्याबरोबर तो उठला आणि आत जाऊन घोरायला लागला.

पण परीक्षणाच्या शेवटी दादाने एक परिच्छेद मनापासून लिहिला होता. असा शेवट आपण कुठल्याच खेळात पाहिला नाही, एवढ्यासाठी बुटांचे सगळे गुन्हे माफ, असं. अंक आला. परिच्छेद गायब! त्या जागी गादीची जाहिरात.

दादाने संपादकाला फोन लावला. "अहो, लोक हसायला वाचतात," संपादक म्हणाला. "कौतुक कोण वाचतं? आणि पुढच्या अंकात जागा नाही." मेल्याला गादीला जागा आहे! मी फोन हिसकावून दोन शब्द सुनावले, पण त्याने तोवर ठेवून दिला होता.

काही दिवसांनी मी दादाला डबा द्यायला गेले, तर दारात एक म्हातारा उभा, हातात तोच अंक. मला वाटलं, कवळीसाठी आला असेल.

"'परतीची वाट' मी लिहिला," तो म्हणाला. "हसलात, हसा. बूट वाईटच आहेत. पण तुम्ही खेळलाच नाहीत! बुटांच्या पुढचा एक शब्द नाही यात. पहिली चार पानं चाळलीत आणि न खेळता लिहिलंत. लाज वाटायला हवी होती."

दादाच्या हातात कोणाचातरी खालचा जबडा होता, तो तसाच राहिला. त्याला भिकार लेखक म्हणा, तो हसेल. पण न खेळता लिहिलं? "पुढचं होतं... त्यांनी छापलं नाही," तो कसाबसा म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," म्हातारा म्हणाला आणि जायला वळला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओ आजोबा, थांबा! न खेळता? अहो, पाठीचा काटा ढिला झाला माझा तुमच्या खेळापायी! सेनापती गेल्यावर मी आणि आचारी दोघंच उरलो. आचारी म्हणजे आमचा वायरमन. खिंडीच्या तोंडाशी त्याचा पाय मोडला. एकटी गेले असते तर सुटले असते, तुमच्या पुस्तकात धडधडीत लिहिलंय. पण त्याने वाटेत स्वतःच्या वाटणीची शेवटची भाकर मला दिली होती. त्याला टाकून जाऊ? घेतला पाठीवर!"

म्हातारा परत फिरला. "मग?"

"मग काय? मेलो दोघं. ओझं असलं की दुप्पट फासे, तुमचीच कृपा! घर दिसत होतं खाली. दिवा दिसत होता. मला अजून राग येतो."

तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. "तिथवर पोचलेलं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं," तो म्हणाला. "आमच्या घरचेसुद्धा बुटांपाशीच कंटाळून उठायचे." त्याने चष्मा काढून पुसला. "फार कठोर लिहिलं हो मी. बरोबरच्याला पाठीवर घेणारा घरी पोचायला हवा. तो नियम बदलून टाकतो."

"हात लावायचा नाही!" दादा असा ओरडला की मी दचकले. "ही बाई त्या टेबलावर डोकं ठेवून रडली आहे. वायरमन म्हणत होता, ताई, मला टाका आणि जा. मी खेळ चालवत होतो, मला पुढचे फासे वाचता येईनात. आणि तुम्ही ते बदलायला निघालात? एक अक्षर बदललंत तर याद राखा!"

"बरं, नाही बदलत," म्हातारा म्हणाला. ओरडा खाऊन इतका खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.