साहेबाची दोन कुत्री

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या साहेबाकडे मेंढ्या राखणारी दोन विलायती कुत्री होती. दोघांचे केस लांब, गळे पांढरे; मी कारकून त्यांना बापलेक समजायचो. जाती वेगळ्या आहेत, हे साहेब मला रोज पुस्तकातून समजावी आणि मीही रोज नव्याने थक्क होई.

एकदा पिरनवाडीच्या माळावर धनगराचा कळप दिसला. थोरलं कुत्रं मुकाट्यानं वळसा घालून चुकलेलं कोकरू कळपात घेऊन आलं. धाकटं साहेबाच्या बुटापाशी उभं राहून नुसतंच भुंकत राहिलं.

धनगरानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं आणि पुस्तकाशिवायच निकाल दिला, "जात न्यारी हाय. थोरलं मेंढरांकडं बघतंय, धाकलं धन्याकडं. आन् तुमी वो, अण्णा?"

काय उत्तर द्यावं म्हणून मी साहेबाकडे बघितलं.