अजून नाय

आमच्या वाडीत पोलादपूरहून मोटारसायकलवर सुकी मासळी विकायला एक माणूस येतो. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला बोंबीलवाला म्हणतात आणि तो ओ देतो. त्याचे केस पिकले, गाडी तिसरी झाली, पण तो एकदाही पडलेला नाही. कोणी तसं बोलून दाखवलं की तो लगेच म्हणतो, "अजून नाय."

घाटातल्या आंधळ्या वळणाआधी तो इंजिन बंद करतो, कान देऊन ऐकतो आणि मगच पुढे जातो. लोक चिडवतात, "काय रे, वाघ येतोय काय?"

एकदा महाडला जायचं म्हणून पोलादपूरच्या स्टँडपर्यंत मी त्याच्या मागे बसले. हा प्रत्येक वळणावर थांबला.

"अरे चल की, एसटी चुकेल माझी."

"काकी, गप ऱ्हा. ऐकू दे."

एकाही वळणापलीकडून काही आलं नाही. एसटी मात्र चुकली. मी त्याला फार बोलले. तो म्हणाला, "दुसरी येल."

शिमग्याला माझा मुलगा मुंबईहून मोटारसायकलवर निघाला. घाटातल्या वळणांवर थांबून ऐक, असं मी त्याला फोनवर सांगितलं.

तो हसला. "आई, असं कोण थांबतं? एवढी वर्षं चालवतोय, पडलोय काय कधी?"

दिवसभर मला घास गेला नाही. संध्याकाळी तो शिटी वाजवत अंगणात आला.

शेजारीण म्हणाली, "उगाच घोर लावून घेतलास गो. कायतरी झालं काय त्याला?"

मी म्हटलं, "अजून नाय."