स्टेनवोर आत्याचं गुपित

आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या घरांना मिळून फोनची तार एकच. घंटा मात्र ज्याची त्याची वेगळी. स्टेनवोर आत्याची दोन लांब, एक आखूड. घंटा कुणाचीही वाजो, फोन सगळेच उचलतात आणि श्वास रोखून ऐकतात. खालच्या अंगाला राहणाऱ्या ब्रिनयोल्फुरला तेवढं जमत नाही. तपकिरीनं चोंदलेलं त्याचं नाक भात्यासारखं सूं-सूं करतं.

त्याचा एडका कुंपण उडी मारून आत्याच्या मेंढ्यांत शिरला, तेव्हापासून दोघांचा अबोला. तिनं त्याला फोन लावला, की आवाज ऐकताच तो आपटायचा. तिचा निरोप दुसऱ्या कुणी दिला, तर मुद्दाम उलटं वागायचा.

त्या सकाळी आत्या नदीवरून आली ती नाक मुरडतच. स्काफ्ता नदी काळी पडली होती, सडक्या अंड्यांसारखा वास मारत होती. म्हणजे वर बर्फाखालचं तळं फुटलं होतं. आमचं घर उंचावर. पण ब्रिनयोल्फुरची मेंढरं नदीतल्या बेटावर चरत होती, आणि ते बेट संध्याकाळपर्यंत बुडणार होतं.

आत्यानं त्याला फोन लावला. तिचं "ब्रिन" होईस्तोवर खट्ट. शेजारच्या ओद्रूनकडून सांगू या, असं मी सुचवलं.

"मग तर तो बेटावर खाट टाकून झोपेल," आत्या म्हणाली. तोंडावर सांगितलेलं माणूस पारखून घेतं, चोरून ऐकलेलं मात्र न चावता गिळतं, असं तिचं मत.

ओद्रूनला फोन लावून तिनं कॉफीपासून सुरुवात केली. तारेवर सूं-सूं आलं तसा आवाज खाली आणला. खाली म्हणजे अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल इतपत.

"अगं, नदीला वास आलाय. पण त्या ब्रिनयोल्फुरला बोलू नकोस हं. त्याची मेंढरं वाहून गेली, की पुढच्या उन्हाळ्यात बेटावरचं गवत आपलंच. नाहीतरी त्यांची लोकर कसली, घोड्याची शेपटी नुसती."

ओद्रून पक्की. "माझ्या तोंडाला कुलूप," म्हणाली.

सूं-सूं थांबलं. खट्ट.

आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्याच वेळात खाली घोडा दौडला, मागून कुत्रा. दुपार कलायच्या आत शेवटची मेंढी काठावर चढली, तेव्हा कुठे आत्यानं घिरड्यांचा तवा चुलीवर ठेवला. संध्याकाळी नदी घराएवढे बर्फाचे चिरे घेऊन आली. बेट दिसेना.

घिरडी संपत आली तेव्हा घंटा वाजली. दोन लांब, एक आखूड. पलीकडे बराच वेळ सूं-सूं.

"माझ्या मेंढ्यांची लोकर मऊ आहे," ब्रिनयोल्फुर म्हणाला.

"असेल की," आत्या म्हणाली. "नाही म्हणालं कोण तुला?"

तारेवर खुदकन कुणीतरी हसलं. ओद्रूनच असणार.