नर्सबाई येणार म्हणून आजीला बसवलं

वाचनालयातल्या बायांनो, आज दुपारी शेजारी घडलं ते या फळ्यावर लिहिते आहे.

सुभद्राची सासू मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली आहे. पडून पडून पाठीला जखम झाली आहे. सरकारी नर्सबाई घरी येऊन जखम धुते, पण ज्याला उठताच येत नाही त्याच्याकडेच. आजीला उठता येतं का, तेच बघायला ती आज आली.

घरी पाहुणी येणार म्हणून सुभद्रानं सासूला धुतलेलं लुगडं नेसवलं आणि उशा लावून बाजेवर बसवलं.

"कसं वाटतं, आजी?"

"बरी हावो माय. तुमी च्या घ्या."

"बसता येतं, तर बैलबंडीत घालून दवाखान्यात आणा," असं म्हणून नर्सबाई निघून गेली.

मी गेले तेव्हा लुगडं जखमेला चिकटलं होतं. "काहून बरी हावो म्हटलं, आजी?"

"घरी आलेल्या बाईपुढं रडते का कोनी?"

माझे मालकही शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्याला असंच सांगत होते.

उद्या मी नर्सबाईला परत बोलावणार आहे. पण तिच्यासमोर आजीला तसंच पडून राहू द्यायला सुभद्रा धजेल का? तुम्ही धजला असता?