चार तासांचा प्रवास

"घड्याळ खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं काटेमास्तर ज्याला त्याला ऐकवायचे.

काटेमास्तर म्हणजे आमच्या रस्त्यावरचे घड्याळजी. जिन्याखाली त्यांचं दुकान, पाठ टेकली की गुडघे समोरच्या काचेला लागावेत एवढंसं. डोळ्याला भिंग लावून ते वाकले, की बाहेरचं ऊन सरकत सरकत भिंतीवरून उतरून जाई, त्यांना पत्ता नसे. वेळेचं काहीही विचारायचं झालं तर लोक त्यांच्याकडेच येत.

त्यांची थोरली बहीण आक्का लेकीच्या बाळंतपणाला दूरदेशी निघाली, तेव्हा तिने तिकीट त्यांच्याच हातात दिलं. विमान सकाळी दहाला सुटणार, दुपारी दोनला पोचणार. मास्तरांनी भिंग न लावताच सांगून टाकलं, "चार तास, आक्का. डोळा लागेल तोवर पोचशील. विमानातलं बेचव कशाला खातेस? लेकीकडे गरम गरम जेव."

तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा पाच तास मागे असतात. जन्मभर घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला एवढंच सुचलं नाही, की दोन गावांची दोन घड्याळं वेगळी असून दोन्ही खरी असू शकतात.

आक्काला साखरेचा आजार. सकाळची गोळी घेऊन ती बसली. जेवण आलं, तिने परत पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा परत पाठवलं. आता लेकीचं गाव येईल, मग येईल. भाऊ घड्याळजी, म्हणून तिने मनगटाला कधी घड्याळ बांधलंच नव्हतं. सात हजार किलोमीटर, नऊ तास, उपाशी. उतरल्यावर सरकत्या जिन्यावर तिला भोवळ आली आणि खुब्याचं हाड मोडलं. नातीला मांडीवर घ्यायला गेलेली आजी खाटेला खिळली.

भाचीने फोनवर विचारलं, "मामा, विमान फार उशिरा आलं असं आई म्हणते. मला तर वेळेवर आलेलं दिसलं."

"आधी तिला बरं वाटू दे," मास्तर म्हणाले, आणि ते तसंच राहिलं.

आक्का काठी टेकत परत आली. भेटेल त्याला सांगायची, "मेल्यांनी पाच तास वरच लटकवलं!" मास्तर शेजारी बसून कपातल्या चहाकडे बघत राहायचे. दुकानात उघडलेलं घड्याळ तसंच उघडं पडून राहायचं.

पुढच्या वर्षी लेकीने पुन्हा बोलावलं. मास्तरांना घरी बोलावून आक्काने तिकीट पुढे केलं.

"बघ रे. या खेपेला तरी चार तासांत नेतील का?"

मास्तरांनी तिकीट हातात घेतलंच नाही. "नऊ तास, आक्का."

"इतके? आणि मागच्या खेपेला?"

"तेव्हाही नऊच. विमान वेळेवर होतं. तिकडचं घड्याळ मागे असतं, ते मी धरलंच नाही. चुकलो मी."

आक्काने तिकीट घडी करून ठेवलं.

"म्हणजे त्या विमानवाल्यांना मी उगाच शिव्या घातल्या?"

"हो."

"आणि तू शेजारी बसून ऐकत होतास?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"चुकतं रे माणूस. पण माझ्या शिव्या तरी बरोबर पत्त्यावर जाऊ द्यायच्या होत्यास."

ती उठायला लागली. मास्तरांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही, टेबलाचा आधार घेतला.

"जा आता. गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

मास्तर तिच्या घरचा जिना उतरून रस्त्यावर आले. दुकान डावीकडे होतं, ते उजवीकडे चालू लागले. आक्का खिडकीशी उभी होती. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. हाक ओठांवर आली होती, ती तिने मारली नाही.